कॅसेटमधला घोगरा आवाज

१

वर्षाराणीच्या वर्षश्राद्धाला तिची कॅसेट लागली नाही. आमच्या घरातून काहीतरी गेलं आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. नेमकं काय गेलं ते कळायला मला वेळ लागला.

वर्षाराणी माझी बायको. गारगोटीच्या एका शाळेत गणित शिकवायची. सरकारी योजनेतून शाळेला बीबीसी नावाचे कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. तिनं लावला. त्या यंत्राला डिस्क वगैरे काही नव्हतं. गाणी ऐकायचा साधा टेपरेकॉर्डर वायरीनं जोडायचा, कॅसेट लावायची, आणि कॅसेटमधली किरकिर ऐकून यंत्र आपला प्रोग्रॅम उचलायचं. यंत्राला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती. वर्षाराणीनं आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून मराठी अक्षरं बसवली आणि वर्गातल्या प्रत्येक पोराचं नाव पडद्यावर आणलं. त्याला ती ‘नावांचा कार्यक्रम’ म्हणायची.

शाळेनं ती यंत्रं मोडीत काढली तेव्हा एक तिनं टेपरेकॉर्डरसकट घरी आणलं. नोकरी संपल्यावर तिला छंदच लागला. शाहूपुरीतल्या भंगारवाल्यांकडून, कुणाकुणाच्या माळ्यावरून तिनं जुनी घरगुती यंत्रं गोळा केली. रबरी बटणांचा स्पेक्ट्रम, पावासारखा फुगीर कमोडोर, आणखी काही ज्यांची नावं मला अजून येत नाहीत. कळंब्याच्या आमच्या घराची वरची खोली त्यांनी भरली. मी साखर कारखान्यात फिटर होतो. मला बेअरिंग आणि पट्टे कळतात, प्रोग्रॅम कळत नाहीत.

ती गेल्यावर मी रोज वरच्या खोलीत बसू लागलो. वर्षश्राद्धाला तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं आणि नावांचा कार्यक्रम लावायचा, असं मी ठरवलं. त्यासाठी आधी तिचा टेपरेकॉर्डर उघडला. पट्टा सैल झाला होता, नवा घातला. हेड, म्हणजे कॅसेटची फीत जिथं घासते तो भाग, स्पिरिटनं पुसलं. ते जरा कलतं बसलं होतं, ते सरळ केलं. आतला चिकटा आणि वाळलेले डाग खरवडून काढले. मग भजनाची विकतची कॅसेट लावली. टाळ न् टाळ वेगळा ऐकू आला. मला फार बरं वाटलं.

तिची कॅसेट मात्र लावून बघितली नाही. किरकिर सुरू होण्याआधी त्यात तिचा आवाज आहे. तो एकट्यानं ऐकायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी वरच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. यंत्र जोडायला मोहित आला होता. हा राजारामपुरीतला तरुण पोरगा जुने कॉम्प्युटर जमवतो. वर्षाराणीच्या हयातीत तो आमच्याकडं यायचा. त्यानं कॅसेट लावली आणि बटण दाबलं.

घोंगडीखालून कुणी बोलावं तसा आवाज आला. बाई बोलते आहे एवढं कळत होतं, काय बोलते ते कळत नव्हतं. मग किरकिर. पडद्यावर ‘सर्चिंग’ आलं आणि तिथंच राहिलं. शेवटी ‘रिवाइंड टेप’ आलं. मोहितनं परत परत लावून बघितलं. तेच.

“काका, ही मूळ कॅसेट वाटत नाही,” तो म्हणाला. “एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवली की आवाज असा बसतो. मग यंत्राला ती वाचता येत नाही.”

“टेप बिघडला असंल,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तो तर काकांनी आत्ताच ओव्हरहॉल केलाय,” मोहित म्हणाला. “खाली ह्याच टेपवर भजन किती स्वच्छ वाजलं.”

मग वर्षाराणीचा धाकटा भाऊ अमरसिंह बोलला. तो गारगोटीत शेती करतो. “दाजी, मागं मी आलतो तवा ह्यो पोरगा गेटावर चिमणाबाईसंगं कुजबुजत हुता.”

मोहितचा चेहरा उतरला. चिमणाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडं वर्षानुवर्षं कामाला. वरच्या खोलीची किल्ली वर्षाराणीनंच त्यांच्याकडं दिली होती, धूळ पुसायला. त्या दिवशी पहाटेपासून त्या पुरणपोळ्या लाटत होत्या.

वर्षाराणी त्यांना नेहमी अहोजाहो करायची, म्हणून मीही करायचो. त्या दिवशी केलं नाही.

“किल्ली तुझ्याकडं असते,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. “कॅसेट कुणाला दिलीस?”

चिमणाबाईंनी तांब्या खाली ठेवला, कमरेची किल्ली काढून वर्षाराणीच्या फोटोजवळ ठेवली आणि जिना उतरून गेल्या. जेवल्या नाहीत.

२

पाहुणे जेवून गेले. क्रांती थांबली. ती नावांच्या कार्यक्रमातल्या पहिल्या वर्गातली. आता विमा कंपन्यांसाठी सर्व्हेयरचं काम करते. जळालेली दुकानं आणि उलटलेले ट्रक बघायचे, आणि मालक सांगतो त्यातलं खरं किती ते ठरवायचं. बोलायला फटकळ.

“काका, चोरी झाली का न्हाय मला म्हाईत न्हाय,” ती म्हणाली. “पण तुम्ही झाली म्हणून जाहीर केलासा. आता चोर दाखवायला पायजे.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर बाईंच्या वर्षश्राद्धाला एक माणूस उपाशी गेलं ते कशापायी, ते सांगायला पायजे. त्या चिमणाबाई ह्या कॉलनीत आणखी किती घरी जातात?”

“बऱ्याच.”

“उद्यापासनं किती घरी जातील, त्येचा विचार केलासा?”

मी केला नव्हता.

ती वर गेली. मी मागून. तिनं कॅसेट हातात घेऊन लेबल खिडकीशी धरून बघितलं. वर्षाराणीचं अक्षर.

“लेबल काढून दुसऱ्या कॅसेटीवर चिकटवलं तर कडा उठतात. हितं बसलेल्या हायत.”

“म्हणजे तीच कॅसेट?”

“मी तसं म्हणाले न्हाय.”

मग तिनं टेबलाचा खण उघडला. पेन्सिली, रबरं, बारीक स्क्रूड्रायव्हर, आणि लाल नेलपॉलिशची वाळलेली बाटली.

“बाई नेलपॉलिश लावायच्या?”

“जन्मात नाही. भाचीचं वगैरे असेल.”

क्रांतीनं बाटली खणात ठेवली नाही. आपल्या पर्समध्ये टाकली. मला ते जरा लागलं.

वर्षाराणीच्या सगळ्या कॅसेटी एका लाकडी डब्यात असत. डब्याला खाचा मीच पाडून दिल्या होत्या. क्रांतीनं त्यातली दुसरी एक काढून लावली. त्याच घोंगडीखालचा आवाज. पडद्यावर ‘सर्चिंग’. तिसरी लावली, तेच.

“म्हणजे सगळ्याच बदलल्या,” मी म्हणालो.

“अक्षर तेच, लेबलं तशीच, आणि एकेक करून समद्या कॅसेटी उतरवून परत डब्यात. एवढा कामसू चोर मी आजवर बघितला न्हाय.”

मला तिचा राग आला. पण त्याच वेळी ती डब्यावर वाकली आणि थांबली.

“काका, ही एक खाच रिकामी का?”

मी बघितलं. त्या खाचेत नेहमी कॅसेट असायची. आता नव्हती. चोरी खरंच झालेली होती.

३

दुसऱ्या दिवशी आम्ही मोहितकडं गेलो. त्याच्या घराची एक भिंत फळ्यांनी भरली होती आणि फळ्यांवर यंत्रं. प्रत्येकावर कापड. वर्षाराणीनंच त्याला सांगितलं होतं की प्लास्टिक घालू नको, आत ओल धरते.

“तू जन्मलास तेव्हा ही यंत्रं बंद झालेली,” क्रांती म्हणाली. “तुला ह्येचं काय?”

“माझ्या वडिलांकडं एक होतं. मी त्यावर बसायच्या आधीच त्यांनी ते देऊन टाकलं. ते अजून सापडलं नाही मला.” तो हसला. “बाकीची सापडली.”

“चिमणाबाईंशी गेटावर काय बोलत हुतास?”

तो माझ्याकडं न बघता बोलला. “काकू गेल्यावर काका वर कुणाला येऊ देत नव्हते. मला भीती वाटली की एक दिवस सगळं भंगारात जाईल. मी मावशींना नंबर दिला. म्हटलं, काका काही टाकायला लागले तर भंगारवाल्याच्या आधी मला फोन करा. आणि काकांना सांगू नका.”

“केला त्यांनी फोन?”

“कधीच नाही.”

मी मधेच बोललो. “मग त्या दिवशी सांगायचं होतंस की. मी त्यांना बोललो तेव्हा तू शेजारीच होतास.”

“सांगायला हवं होतं, काका. मला वाटलं, माझ्यावर येईल.”

क्रांतीनं विषय बदलला. “कॅसेट कॉपी हाय म्हणालास. बाईंची मूळ तू कधी ऐकली हुतीस?”

“नाही. काकू लावायच्या तेव्हा मी कधी नव्हतो.”

“मग आवाज बसलाय हे कशावरनं?”

“असा आवाज दोनच गोष्टींनी येतो. कॅसेट कॉपी असली तर, नाहीतर टेपरेकॉर्डर बिघडला असला तर. टेपरेकॉर्डर काकांनी स्वतः दुरुस्त केला होता. म्हणून...”

“म्हणून कॅसेट राहिली,” क्रांती म्हणाली.

खाली गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “ह्या पोरानं बदलली न्हाय.”

“कशावरून?”

“ज्यानं नकली ठेवली, तो समद्यांसमोर ही नकली हाय म्हणून कशाला सांगंल? गप बसला असता. म्हातारी कॅसेट, खराब झाली, असं म्हणून तुम्हीपण गप बसला असता.” तिनं गाडी चालू केली. “आता चिमणाबाईंकडं.”

“मी येत नाही.”

“या की. आत नका येऊ.”

४

चिमणाबाईंचं घर एका बोळात, रस्त्यालगत. गाडी दाराला लागूनच उभी करावी लागली. क्रांती आत गेली. मी काच खाली करून बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“किल्ली परत दिली की,” चिमणाबाईंचा आवाज आला. “आता काय पायजे?”

“काय न्हाय. पानी द्या.”

भांड्याचा आवाज झाला. मग क्रांतीनं फोन नंबराबद्दल विचारलं.

“दिलता की त्या पोरानं. पोरगं वाईट न्हाय. म्या त्येला म्हनलं, बाईंच्या वस्तू भंगारात जायच्या न्हाईत, म्या हाय तवर. त्यो कागूद चुलीत घातला.”

“मग त्या दिवशी बोलला का न्हाईसा?”

“कुणाला बोलू? आण्णांनी इचारलं न्हाय, सांगितलं. कुणाला दिलीस, म्हनले. दिलीस का, असं तरी म्हनायचं.”

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“बाकीची घरं?” क्रांतीनं विचारलं.

“जाधवांनी नगं म्हनून सांगितलं. कोपऱ्यावरच्या वहिनींनीबी. त्या डागदरीनबाईंनी ठेवलंय, पन कपाटाला कुलूप लावायला लागल्या. लावूंदेत. आजवर न्हवतं लावत.”

“वरच्या डब्यातनं एक कॅसेट गेलीया. तुम्हाला म्हाईत हाय?”

“हाय की.”

मी गाडीत सरळ बसलो.

“कवापासनं?”

“बाईंच्या तेराव्यापासनं. म्या धूळ पुसत हुते, तवा ध्यानात आलं.”

“कुणी नेली?”

“ते म्या सांगायची न्हाय. नेनारा परका न्हाय आन् चोरबी न्हाय. आण्णा इचारतील तवा बघू, म्हनलं. त्येंनी कवा इचारलंच न्हाय.” मग त्यांचा आवाज दाराजवळ आला. “त्ये भाईर गाडीत हाईत न्हवं? काच खाली हाय, दिसतंय मला. पानी देऊ का त्येंनाबी?”

क्रांती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी काच वर केली होती.

५

“परका न्हाय आन् चोरबी न्हाय,” गारगोटीच्या रस्त्याला लागल्यावर क्रांती म्हणाली. “तेराव्याला तुमच्या घरी मुक्कामाला कोण हुतं?”

“अमरसिंह.”

“आणि चिमणाबाईंचं नाव पहिलं कुणी घेतलं?”

माझा मेव्हणा असा नाही असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. चिमणाबाई अशा नाहीत, हे त्या दिवशी का आलं नाही, हाही विचार लगेच आला.

अमरसिंह गोठ्यात होता. आम्हाला बघून हात धुऊन आला. “या दाजी. च्या टाकतो.”

“अमर,” मी म्हणालो, “डब्यातली कॅसेट तू नेलीस?”

तो उभा होता तो कट्ट्यावर बसला. जरा वेळानं आत गेला आणि रुमालात बांधलेली कॅसेट घेऊन आला.

“अक्काचा आवाज हाय त्यात,” तो म्हणाला. “सुरवातीला बोलती, तेवढाच. तुम्हाला मागितली असती तर तुम्ही दिली नसती. वरच्या खोलीत कुणाला येऊ देत नव्हतासा. मग नेली.”

“आणि चिमणाबाईंवर टाकलंस.”

“मी कुठं टाकलं? मी बघितलं ते बोललो.” मग मान खाली घालून म्हणाला, “समदी चोरी चोरी करायला लागली, दाजी. मला वाटलं, आता डबा मोजतील. तोंडाला येईल ते बोलून गेलो.”

क्रांतीला त्याच्या शरमेशी काही घेणं नव्हतं. “ही कॅसेट तेराव्यापासनं हितंच हाय? कुणाला दिली, कुठं नेली?”

“कुठं न्हाय. कपाटात.”

“आवाज कसा येतो?”

“माझ्या टेपवर बसकाच येतो. काय बोलती कळत न्हाय. पण अक्का हाय हे कळतं.”

क्रांतीनं कॅसेट परत रुमालात बांधली. “चला,” ती म्हणाली. “तिघंबी कळंब्याला. आणि दादा, तुमच्या गाडीत गाण्याच्या कॅसेटी असतील, त्यातली एखादी घ्या.”

“गाणी कशाला?”

“साक्षीला.”

६

तिनं मोहितलाही बोलावून घेतलं. वरच्या खोलीत आम्ही चौघं. यंत्र जोडलेलंच होतं.

“ही कॅसेट,” क्रांतीनं रुमाल सोडला, “बाईंच्या तेराव्यापासनं ह्या घरात नव्हती. हितं कुणी काय अदलाबदल केली असंल, ती हिच्यावर करता येणार न्हाय. पटतंय?”

सगळ्यांना पटलं. तिनं कॅसेट लावली.

घोंगडीखालचा आवाज. किरकिर. ‘सर्चिंग’. ‘रिवाइंड टेप’.

“ही तर बदललेली न्हाय. तरी लागत न्हाय. म्हणजे कॅसेटी बदलल्याच न्हाईत. एकपण न्हाय. आता दादांची लावा.”

अमरसिंहानं त्याची लावण्यांची कॅसेट लावली. घुंगरू न् घुंगरू ऐकू आला. अमरसिंह टेपरेकॉर्डरकडं बघत राहिला.

“दाजी, ह्यो नवा घेतलासा?”

“तोच आहे.”

“मग ह्येला काय झालं? अक्का असताना माझी गाणी ह्येच्यावर कवा धड वाजली न्हाईत. अक्का हसायची. तुझ्या बाईला पडसं झालंय, म्हणायची.”

क्रांती माझ्याकडं वळली. ती पहिल्यांदाच हळू बोलली.

“आधी ह्या टेपवर बाजारातल्या कॅसेटी घोगऱ्या वाजायच्या आणि बाईंच्या स्वच्छ. आता बाजारातल्या स्वच्छ आणि बाईंच्या घोगऱ्या. मधल्या काळात ह्येला कुणी हात लावला?”

“मी.”

“काय काय केलासा? क्रमानं सांगा.”

“पट्टा बदलला. हेड पुसलं. हेड कलतं होतं ते सरळ केलं.”

“कशानं?”

“हेडशेजारच्या स्क्रूनं.”

“स्क्रूवर काही हुतं?”

“लाल डाग होता. वाळलेला. तो खरवडून...”

तिनं पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढून टेबलावर ठेवली.

मोहितनं डोक्याला हात लावला. “हेड वाकडं होतं,” तो म्हणाला. “काकूंनी सगळ्या कॅसेटी त्या वाकड्या हेडवरच भरल्या. वाकडं लिहिलेलं वाकड्यालाच वाचता येतं. म्हणून त्यांनी ते तसंच पक्कं केलं, कधी हलू नये म्हणून. काका, मला कळायला हवं होतं. तुम्ही दुरुस्त केलाय म्हटल्यावर मी त्याच्याकडं बघितलंच नाही.”

मला त्यानं समजावून सांगायची गरज नव्हती. कारखान्यात एखादा नट नेमका बसवला की त्यावर रंगाचा ठिपका देतात. ठिपका असलेल्या नटाला कुणी पाना लावत नाही. त्यावरून मी पोरांना झापलेलं आहे. तो ठिपका कारखान्यातल्या मिस्त्रीनं दिलेला असता तर मी लांबून ओळखला असता. माझ्या बायकोनं दिला होता, म्हणून मला तो डाग दिसला. नेलपॉलिश सांडलं असेल, असं मनात येऊन मी तो नखानं काढला.

कुणी काही नेलं नव्हतं. तिचा आवाज मी घालवला होता, आणि तो चोरला म्हणून दुसऱ्या बाईला दारातून उपाशी पाठवलं होतं.

“परत बसवता येईल?” अमरसिंहानं विचारलं.

“खूण गेली,” मोहित म्हणाला. “पण कानानं बसवता येईल. कॅसेट चालू ठेवायची, स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. काका, मी करू?”

“नाही,” मी म्हणालो.

बारीक स्क्रूड्रायव्हर तिच्याच खणातला. नावांच्या कार्यक्रमाची कॅसेट लावून सुरुवातीला नेली, चालू केली, स्क्रू इतका फिरवला की फिरला का नाही ते कळू नये. परत सुरुवातीला. परत. कुणी मदतीला पुढं आलं नाही, ते बरं झालं. एकदा आवाज आणखीनच बुडाला, तेव्हा मी उलटं फिरवायला लागलो.

आधी ‘स’ आणि ‘श’ वेगळे झाले. मग घोंगडी बाजूला झाली.

“हा नावांचा कार्यक्रम,” वर्षाराणी म्हणाली. वर्गातला आवाज, घरातला नव्हे. “शांत बसायचं. आपलं नाव आलं की ओरडायचं नाही. आणि टेपरेकॉर्डरला कुणीही हात लावायचा नाही.”

क्रांती हसली आणि तिला एकदम रडू आलं. पडद्यावर ‘लोडिंग’ आलं. मग चौकोनाचौकोनांची मराठी अक्षरं वरून खाली उतरू लागली. क्रांतीचं नाव येईपर्यंत ती उभीच होती.

मी खाली जाऊन बसलो.

७

पुढच्या रविवारी सगळ्यांना परत बोलावलं. कार्यक्रम नीट लागला. लोकांनी फोटो काढले. कुणी चिमणाबाईंचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्या रात्री मी वर्षाराणीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की तांत्रिक बिघाड होता, तो दूर झाला आहे. क्रांतीचा लगेच फोन आला.

“बिघाड कुणी केला ते लिहा की, काका.”

“सगळ्यांना कळलंच असेल.”

“काय कळलं? चोरी झालती आणि माल परत मिळाला, एवढं कळलं. ती कोपऱ्यावरची वहिनी मला म्हणाली, बाईनं शेवटी कॅसेट आणून दिली वाटतं.”

मी तो मजकूर काढून दुसरा लिहिला आणि कॉलनीच्या ग्रुपवरही टाकला. त्यात माझं नाव होतं, चिमणाबाईंचं होतं, मी काय केलं तेही होतं. लोकांनी त्याखाली हात जोडल्याची चित्रं टाकली. जाधवांनी चिमणाबाईंना परत कामाला बोलावलं. कोपऱ्यावरच्यांनी नाही.

“झालं,” मी क्रांतीला म्हणालो.

“आरोप तोंडानं केलासा. माफी फोनवर?”

“त्या घरात घेतील?”

“मी विचारलं. म्हणाल्या, येऊंदेत की, घर म्हाईत हाय त्येंना.”

अमरसिंह त्यांच्याकडं जाऊन आला. दाराशी उभा राहून बोलला, चहा घेतला. मोहितही जाऊन आला. वरच्या खोलीची किल्ली आता माझ्या खिशात असते. धूळ मी पुसतो, नीट निघत नाही. हेड बसल्यावर त्या स्क्रूवर मी नव्या रंगाचा ठिपका दिला, तो वाळला. यंत्र चालतं.

बोळाच्या तोंडापर्यंत मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा दार उघडं होतं आणि त्या आत दिसत होत्या. काय बोलायचं ते पाठ होतं. चिमणाबाई, चूक माझी होती, आणि मी तुम्हाला तू म्हणालो.

अजून बोललेलो नाही.